घाटात लोडवर बसणारी पिकअप: फिल्टर बदलूनही परत येणारा लो प्रेशरचा फॉल्ट

लक्षणं ठरलेली असतात. रिकामी गाडी गावात ठणठणीत पळते. माल भरला, चढ लागला, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी गुदमरते. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि मग कितीही ॲक्सिलेटर द्या, ठरावीक आरपीएमच्या वर ती जात नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली, पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सरळ. स्कॅनरवर कोड मिळतो पी-००८७, म्हणजे रेलमधलं (सगळ्या इंजेक्टरना दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं) प्रेशर कमी. मेस्त्री फिल्टर बदलतो, कोड पुसतो, गाडी काही दिवस बरी चालते आणि पुढच्या एखाद्या लोडच्या फेरीत पुन्हा तेच. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "पंप गेलाय."

तो पंप खोलायच्या आधी हे वाचा. हायप्रेशर पंप आणि चार इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) म्हणजे पिकअपवाल्याची अख्ख्या सीझनची कमाई. तेवढा खर्च करूनही फॉल्ट तसाच राहिलेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

कोड एवढंच सांगतो की ईसीयूने (इंजिनच्या कंप्युटरने) जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये झालं नाही. दोष कुणाचा ते तो सांगत नाही. पंपापर्यंत डिझेलच पुरेसं पोचत नसेल. पंपाला दाब धरता येत नसेल. पंप दाब देतोय पण तो इंजेक्टरच्या रिटर्नमधून (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीतून) निसटत असेल. किंवा सगळं ठीक असून रेलचा सेन्सर खोटं बोलत असेल. पिकअपमध्ये बहुतेक वेळा पहिलंच निघतं. कारण या गाड्या मिळेल तिथलं डिझेल पितात, कॅनमधून भरल्या जातात, टाकीचं झाकण हरवलं की फडकं कोंबून चालवल्या जातात.

आधी ड्रायव्हरला विचारा

मालकाला नाही, ड्रायव्हरला. फॉल्ट नेमका कधी येतो, एवढ्या एका प्रश्नात अर्धं काम होतं.

चढावर, लोडवर, जास्त आरपीएमला येतो आणि थांबलं की जातो, असं असेल तर डिझेलच्या वाटेत अडथळा आहे. आयडलला इंजिनला डिझेल लागतं थोडं, ते अरुंद वाटेतूनही मिळतं. जोर लागला की मागणी कितीतरी पट वाढते आणि तिथे पुरवठा तुटतो.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, मग एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही, असं असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय आणि लाइनमधलं डिझेल रात्रीत मागे टाकीत उतरतंय.

सकाळी थंड असताना एका सेल्फला चालू होते, पण दुपारी गरम झालेली बंद केली की लवकर घेत नाही, असं असेल तर संशय इंजेक्टरच्या रिटर्नवर किंवा पंपाच्या झिजेवर घ्या. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून जास्त गळतं. सेल्फच्या कमी आरपीएमला पंप मुळात थोडंच डिझेल देतो. साधारण दीडशे-दोनशे बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही.

टाकी भरलेली असताना काही नाही आणि काटा पावच्या खाली आला की सुरू होतं, तर टाकीतल्या सक्शन पाइपला वरच्या बाजूला चीर आहे किंवा आतला होज सैल झालाय. डिझेलची पातळी त्या चिरेच्या खाली गेली की पाइप हवा ओढतो.

आणखी एक प्रकार फार लोकांच्या लक्षात येत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर गाडी व्यवस्थित, मग हळूहळू दम सोडते. ड्रायव्हर पंपावर डिझेल भरायला थांबतो, झाकण उघडताना फुस्स आवाज येतो आणि पुढे गाडी पुन्हा छान. इथे टाकीचा ब्रीदर (टाकीत हवा घेणारी नळी) चोक आहे. डिझेल जातंय पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, म्हणून टाकीत व्हॅक्यूम तयार होतो. शेतरस्त्यावरच्या गाड्यांमध्ये ब्रीदरच्या नळीत चिखल हमखास सापडतो. झाकण थोडं सैल ठेवून तीच फेरी मारली की खात्री होते. ब्रीदर साफ करायला खर्च शून्य, म्हणून हे आधी बघावं.

स्कॅनर कोड वाचायला नाही, आकडे बघायला लावा

लाइव्ह डेटामध्ये दोन आकडे शेजारी-शेजारी काढा: मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर. आयडलला बहुतेक कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना मिळून एकच रेल असलेल्या) पिकअपमध्ये २५० ते ३५० बार दिसतं. पूर्ण लोडवर १,४०० ते १,६००, बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत काही ठिकाणी त्याहून वर. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचा धरा. बघायचं ते दोघांमधलं अंतर.

दोन्ही आकडे चढावरही एकमेकांसोबत चालत असतील आणि तरी गाडी ओढत नसेल, तर डिझेलचा नाद सोडा. टर्बोचा होज फाटलेला असेल, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असेल, बीएस-६ असेल तर सायलेन्सरमधला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) भरलेला असेल.

प्रत्यक्ष आकडा मागे पडत असेल तर मीटरिंग व्हॉल्व्हचा (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) आकडाही बघा. ईसीयूने व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय आणि तरी प्रेशर वाढत नाही, म्हणजे पंपाकडे डिझेल येत नाही किंवा आलेलं निसटतंय. प्रेशर एकदम खाली-वर नाचत असेल तर व्हॉल्व्ह अडकतोय किंवा डिझेलमध्ये हवा आहे.

सेन्सर तपासायला दोन मिनिटं पुरतात. गाडी बराच वेळ बंद असताना चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. रेल प्रेशर शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे आणि सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर साधारण अर्धा व्होल्ट. तिथेच पन्नास-साठ बार दाखवत असेल तर सेन्सर, त्याची ५ व्होल्टची सप्लाय किंवा अर्थ बघा. पावसाळ्यात या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. वायरिंग उंदराने कुरतडल्याच्या केसही मी पाहिल्या आहेत. आंब्याच्या पेट्यांत गवत असतं, गोदामात उंदीर असतात, त्यामुळे नवल नाही.

सक्शनची बाजू

इथे थोडा वेळ द्या, कारण फॉल्ट इथेच लपतो.

तुमच्या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे का, ते आधी ठरवा. चावी ऑन केल्यावर टाकीजवळ कान लावला तर दोन-तीन सेकंद घुंई आवाज येतो. असेल तर फिल्टरकडे डिझेल दाबाने येतं आणि गेज लावून दाब मोजता येतो. दाब कमी असला तर लगेच पंप बदलायला धावू नका. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टाहून जास्त कमी असेल तर रिले, फ्यूज किंवा चेसिसवरचा गंजलेला अर्थ सापडतो. अर्थचा नट खोलून पॉलिश पेपर मारला की पंप पुन्हा तरुण होतो.

पण बऱ्याच पिकअपमध्ये टाकीत पंपच नसतो. हायप्रेशर पंपाच्या पाठीवर छोटा गिअर पंप असतो आणि तोच टाकीतून फिल्टरमार्फत डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन दाबाखाली नसते, ओढीखाली असते. तिथे सांधा सैल असला तरी डिझेल टपकत नाही, उलट हवा आत शिरते. बारीक भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळं पिऊन बघा, तसंच. म्हणून 'कुठे गळत नाही' हे या बाजूला काहीच सिद्ध करत नाही. सांध्यावर धूळ चिकटून काळा ओला डाग झालेला असेल तर तो मात्र पुरावा. इंजिन बंद असताना तिथून डिझेल किंचित पाझरतं.

हवा बघायची सोपी रीत म्हणजे फिल्टरपासून पंपापर्यंतचा होज काढून त्याच मापाचा पारदर्शक डिझेल होज लावणे. चालू केल्यावर पहिले बुडबुडे सगळ्यांनाच येतात, ते निघून जातात. मिनिटभरानंतरही मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे सुरूच असतील तर मागे कुठेतरी हवा शिरतेय. मग एकेक सांधा: फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप, पाणी काढायच्या स्क्रूचा वॉशर, वॉटर सेन्सरची ओ-रिंग, बॅन्जो बोल्टचे (मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर, होजवरच्या क्लिपा. हातपंपाचं रबर कडक झालं की तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून हवा घेतो. कॉपर वॉशर जुनाच फिरवून लावायची सवय मेस्त्रींना सुटत नाही. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी फेऱ्या वाया जातात.

अडथळा बघायला व्हॅक्यूम गेज लागतो. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून तो लांब नळीने जोडा आणि पुढच्या काचेच्या बाहेर, वायपरला बांधा. डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका. आयडलला सुई जवळजवळ शून्यावर राहते. लोडवर चढावर ती अर्ध्या बारच्या पुढे गेली तर अडथळा नक्की. मग गेज फिल्टरच्या आधी लावा. तिथे सुई हलत नाही तर फिल्टर दोषी. तिथेही तेवढीच खेचली जाते तर टाकी किंवा पाइप.

गेज नसेल तर कॅनची टेस्ट करा. दहा-पंधरा लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या, फिल्टरची इनलेट नळी त्यात सोडा, रिटर्नही त्यातच सोडा, कॅन हौद्यात पक्का बांधा आणि लोड घालून एखादा चढ चढवा. फॉल्ट गेला तर टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या भागात दोष आहे, पंपाला हात लावायचं कारण नाही. टेस्ट छोटीच ठेवा. रिटर्नचं डिझेल गरम येतं आणि छोट्या कॅनमध्ये ते लवकर तापतं.

आंब्याच्या सीझनमध्ये रत्नागिरीहून कोल्हापूरला येणारी एक पिकअप अशी आली होती. साखरप्यापासून आंबा घाट चढताना बसायची. आधीच्या गॅरेजमध्ये फिल्टर बदलून झाले होते आणि पंपाचं कोटेशनही हातात होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मेस्त्री, दहा मिनिटं थांबलं की एकदम नवी होते बघा." हे वाक्य पंप गेल्याचं नाही. झिजलेला पंप दहा मिनिटांच्या विश्रांतीने बरा होत नाही. कॅनवर पन्हाळ्याचा चढ चढवला, गाडी हूं की चूं न करता गेली. टाकी उतरवली. आत गाळणीजवळ सिलिकॉनचा पातळ पापुद्रा तरंगत होता, रुपयाच्या नाण्याएवढा. कुणीतरी फ्लोट (डिझेलची पातळी मोजणारा तरंगता भाग) बसवताना गॅस्केटऐवजी सिलिकॉन थापलं होतं, त्याचा आत आलेला तुकडा सुटला होता. ओढ वाढली की तो गाळणीला चिकटायचा, इंजिन बंद केलं की सुटून खाली बसायचा. फिल्टर बदलल्यावर गाडी बरी का व्हायची? कारण नवा फिल्टर ओढीला हलका असतो. तो थोडा भरला की एकूण अडथळा पुन्हा हद्द ओलांडायचा.

टाकीत काय-काय निघतं, त्याची यादीच होईल: कॅनचं प्लास्टिक सील, फडक्याचे धागे, गंजाचे पापुद्रे, आणि पावसाळ्यानंतर काळी बुळबुळीत साय. ही साय म्हणजे पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारे जिवाणू आणि बुरशी. अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी ठेवली की आत दव धरतं आणि यांची सोय होते. फक्त फिल्टर बदलून ती जात नाही. टाकी उतरवून धुवावीच लागते.

जुना फिल्टर फेकू नका, कापा

करवतीने नाही, पाइप कटरने. करवतीचा चुरा आत पडतो आणि मग तो कुठून आला यावर वाद होतो. फिल्टरमधलं डिझेल आधी स्टीलच्या पांढऱ्या ताटलीत ओता, उन्हात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. कागदाच्या घड्या उलगडा. लालसर असेल तर टाकीचा गंज. काळं चिकट असेल तर बुरशी किंवा भेसळ. कागद जवळपास स्वच्छ असूनही गाडी बसत होती, तर फिल्टर निर्दोष आहे आणि पुढचा फिल्टर विकत घेऊन काही होणार नाही.

चांदीसारखी चमकी दिसली, ताटली तिरकी केल्यावर कण झळकले, तर काळजीचं कारण. लोहचुंबक फिरवा. हे कण पंपाच्या झिजेचे असू शकतात. पंपापुढचं डिझेल रिटर्नने टाकीत परत येतं, म्हणून ते कण फिल्टरपर्यंत फिरून येतात.

नवा फिल्टर लावताना एक गोष्ट जपा. स्पिन-ऑन फिल्टर रिकामा लागू नये म्हणून त्यात वरून डिझेल ओततात. मधल्या मोठ्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळलेलं, थेट पंपात जातं. भरायचंच तर बाजूच्या छोट्या भोकांतून भरा. त्याहून बरं म्हणजे हातपंपाने भरा, तो कडक होईपर्यंत मारा.

इंजेक्टरचा रिटर्न

पुरवठा निर्दोष ठरला तरच इकडे वळा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून सारख्या मापाच्या चार नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा. रिटर्नच्या मूळ लाइनचं तोंड बंद करा. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा आणि बाटल्या ओळीने ठेवा. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत निम्मी बाटली, तर चौथा इंजेक्टर दाब सोडतोय. चारही सारख्याच भरल्या तरी निश्चिंत होऊ नका. मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून बघा, जुन्या गाडीत चारही एकत्र थकलेले असतात. गाडी चालूच होत नसेल तर सेल्फ मारतानाच्या रिटर्नवरूनही कळतं, त्या वेळी बाटलीत नाममात्रच यायला हवं.

रेलच्या टोकाला प्रेशर लिमिटर (दाब हद्दीबाहेर गेला की उघडणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याचाही रिटर्न सोडून बघा. तिथून थेंबही यायला नको. लिमिटर एकदा उघडला की काही वेळा नीट बसत नाही, आणि मग लोक चांगले इंजेक्टर बदलत बसतात.

इथे जुन्या मेस्त्रींना हात जोडून विनंती. जुन्या इंजिनवर चालू गाडीत नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिस करतोय ते बघायचो. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. हजार बारच्या वरचं डिझेल केसाएवढ्या भेगेतून निघालं तर ग्लोव्ह आणि कातडी दोन्ही भेदून आत जातं. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. इंजिन बंद करून रेलचं प्रेशर उतरल्याचं स्कॅनरवर बघा, मगच पाना लावा. आणि कुणाला बोटावर टाचणी टोचल्याएवढी जरी जखम झाली, तरी हळद लावून बसू नका. तेव्हाच्या तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि डॉक्टरांना सांगा की दाबाचं डिझेल आत गेलंय. वरून काही दिसत नाही, आतलं मांस मरत असतं, ऑपरेशन लागतं.

आणि खरंच पंप असेल तर

पुरवठा चांगला, हवा नाही, रिटर्न मापात, लिमिटर कोरडा, सेन्सर खरा, तरी प्रेशर चढत नाही. आता पंपाचं नाव घ्या. त्यातही आधी मीटरिंग व्हॉल्व्ह काढा. तो बऱ्याच पंपांवर वेगळा मिळतो आणि त्याच्या जाळीत गाळ किंवा पाण्याचा गंज अडकलेला सापडतो. जाळीवर चमकी असेल तर मात्र नुसता व्हॉल्व्ह बदलू नका.

पंप का झिजला याचा शोध इथे टाळता येत नाही. या पंपाला वेगळं ऑइल नाही, डिझेलच त्याचं वंगण. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणारं बीएस-६ डिझेल १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) सल्फरचं असतं. सल्फर काढताना डिझेलचा वंगणाचा गुण कमी होतो म्हणून रिफायनरी त्यात वंगणाचं ॲडिटिव्ह घालते. त्यात रॉकेल मिसळलं की ते गणित बिघडतं. हायवेच्या कडेला स्वस्तात मिळणाऱ्या तथाकथित बायोडिझेलचंही तसंच. त्याने टाकीतला जुना गाळ सुटतो आणि रबराचे होज फुगतात. लिटरमागे वाचलेल्या पैशात पंप येत नाही, एवढं मालकाला शांतपणे सांगा. ऐकायचं की नाही ते त्याचं.

चमकी सापडली असेल तर काम मोठं आहे. टाकी धुणे, लाइन उलट्या हवेने साफ करणे, रेल आणि हायप्रेशर पाइप बदलणे किंवा लॅबमध्ये धुऊन घेणे, इंजेक्टर बेंचवर तपासणे. यातलं एक टाळलं तर उरलेले कण नव्या पंपाला खातात. हायप्रेशर पाइप एकदा खोलले की शक्यतो नवेच लावा. त्यांचं शंकूसारखं तोंड पहिल्यांदा कसताना बसतं, दुसऱ्यांदा तितकं घट्ट बसेलच असं नाही.

बसवून झाल्यावर हातपंपाने हवा काढा. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सलग मारू नका, मध्ये मोटरला गार होऊ द्या. चालू झाली की रिकामी फिरवून गाडी मालकाच्या हवाली करू नका. लोड घाला, चढावर न्या आणि शेजारी कुणालातरी स्कॅनर घेऊन बसवा. तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबलेला असताना मागितलेला आणि प्रत्यक्ष आकडा सोबत चढले पाहिजेत. तेव्हाच कोड पुसा.